बिळाचं तोंड सर्वांत शेवटी

सोमवार

बागेतल्या ओट्याखाली ताजी उकरलेली माती दिसली की हात आधी दगडाकडे जातो. दगड लोटायचा, वर माती ओढायची, पायाने दाबायची. दुसऱ्या सकाळी हातभर अंतरावर नवं बीळ तयार असतं. आत कोंडलेलं जनावर वाट काढणारच, आणि बाहेर राहिलेली आई पिल्लांसाठी ओट्याचा पायासुद्धा उकरेल. तोंड बुजवणं हे काम सर्वांत शेवटचं.

आज फक्त मोजमाप. तोंड २-३ सेंमी असेल तर घरातला छोटा उंदीर, ५ ते ९ सेंमी असेल तर मोठा. तोंडाशी भुसभुशीत मातीचा ढीग आणि भोक आतून मातीने बुजलेलं असेल तर बहुधा घूस. याहून बरंच मोठं असेल तर मुंगूस किंवा कोल्ह्याच्या जातीचं काही. साप सहसा स्वतः बीळ खणत नाही, उंदराच्या तयार बिळात शिरतो. त्यामुळे बीळ कुणाचंही वाटो, आत हात घालायचा नाही आणि काठीनेही ढोसायचं नाही. आसपास कात सापडली तर बाकी सगळं थांबवून साप पकडणाऱ्या जाणकाराला बोलवायचं.

मंगळवार

भोकं मोजणं राहिलं होतं. उंदराच्या बिळाला मागचं दार असतं, तेही गवताखाली किंवा सैल मातीने झाकलेलं. एकच तोंड धरून केलेली मेहनत इथेच वाया जाते. ओट्याच्या चारही बाजूंनी झुडपं बाजूला सारून बघायचं.

संध्याकाळी प्रत्येक तोंडात वर्तमानपत्राचा सैल बोळा ठेवायचा आणि समोर बारीक वाळूचा बोटभर थर पसरायचा. पावलं उमटावीत म्हणून पीठ टाकतात, पण पीठ खायलाच पाहुणे येतात. वाळू बरी.

शुक्रवार

तीन रात्री बोळा जागचा हलला नाही तर बीळ रिकामं, बुजवायला हरकत नाही. मात्र मधे मुसळधार पाऊस किंवा कडाक्याची थंडी असेल तर ही परीक्षा खोटी ठरते, कारण जनावर आतच बसून राहतं.

बोळा बाहेर फेकलेला असेल तर पुढचा प्रश्न पिल्लांचा. आतून बारीक चिरचिर येते का? एरवी रात्री हिंडणारं जनावर भरदिवसा खाणं शोधताना दिसतं का? मोठ्या जनावराच्या बाबतीत तसं असेल तर पिल्लं आईमागे बाहेर पडेपर्यंत काही आठवडे थांबणं हाच खरा उपाय. कंटाळवाणा आहे, पण आत मेलेल्या पिल्लांचा वास त्याहून वाईट.

डांबराच्या गोळ्यांचा मोह इथेच होतो. उघड्यावर त्यांचा वास विरून जातो, आणि विष मात्र मुलं, कुत्री नि मातीच्या वाट्याला येतं.

रविवार

थांबायच्या दिवसांतलं काम: गळलेली फळं रोज उचलणं, पाळीव जनावराची वाटी रात्री आत घेणं, पक्ष्यांच्या दाण्याचा सडा झाडणं, गळका नळ दुरुस्त करणं, लाकडाचा ढीग जमिनीपासून ३० सेंमी उंच मांडणं. खतात शिजवलेलं अन्न नको. हे न करता पुढचं काहीही केलं तर जुना भाडेकरू जातो नि नवा येतो. पकडून लांब सोडण्याचंही तेच: इथली जागा रिकामी होते, आणि तिकडे ते जनावर अनोळखी मुलखात बहुधा उपाशी मरतं. शिवाय बऱ्याच ठिकाणी परवानगीशिवाय वन्य जनावर पकडणं गुन्हा आहे.

उंदरांना चापाचे सापळे, भिंतीला काटकोनात, आमिषाची बाजू भिंतीकडे. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, म्हणून आधी काही दिवस चाप न चढवता नुसतं आमिष ठेवायचं. विष नकोच. रक्त न गोठू देणाऱ्या विषाला मारायला काही दिवस लागतात. तेवढ्यात तो सुस्तावलेला उंदीर घुबड किंवा मांजर खातं, नाहीतर तो ओट्याखाली जाऊन कुजतो.

दुसरा सोमवार

मोठ्या जनावरासाठी एकमार्गी झडप. तोंडापेक्षा थोडी मोठी जाळीची चौकट, वर बिजागरी, फक्त बाहेर उघडणारी, खालची कड जमिनीवर टेकलेली. बाजूंनी जाळी जमिनीत गाडली नाही तर जनावर झडपेला वळसा घालून उकरतं. बाकीची तोंडं आधी बंद करायची आणि झडप आठवडाभर ठेवायची. समोरच्या वाळूत फक्त बाहेर जाणारी पावलं उमटली पाहिजेत.

मग जाळी. कोंबड्यांच्या खुराड्याची पातळ जाळी उंदीर कुरतडतो. जस्ताचा मुलामा असलेली, वेल्डिंगची, १२ मिमी घरांची जाळी घ्यायची. छोट्या उंदरासाठी ६ मिमीची. ३० सेंमी खोल पुरून तळाशी बाहेरच्या बाजूला ३० सेंमी आडवी वळवायची. उकरणारं जनावर भिंतीलगत खणतं, जाळी लागली की तिथेच अडतं, मागे सरकून खणणं त्याला सुचत नाही.

लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत, धूळ छातीत जाते. १ भाग ब्लीच, ९ भाग पाणी, ५ मिनिटं भिजवून हातमोजे घालून पुसायचं. पहिल्या मोठ्या पावसानंतर जाळीची कड तपासायची, माती वाहून गेली की तिथेच फट पडते.