निवाड्यातला भाव एवढा कमी का येतो?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मी जमिनीच्या मूल्यांकनाचं काम करते हे कळलं की लग्नात, एस्टीत, अगदी दहाव्याला जमलेल्या माणसांतही एक प्रश्न येतोच: "आमच्या शिवारात एकरी एवढा भाव चालू असताना भूसंपादनाच्या निवाड्यात निम्माही कसा आला नाही?" निवाडा म्हणजे भरपाई किती ते ठरवणारा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश. विचारणाऱ्याची जमीन गेलेली असते, नाहीतर जाणार असते. उभ्या उभ्या उत्तर देऊन भागत नाही, म्हणून आज नीट लिहिते.

1894 चा कायदा जाऊन 1 जानेवारी 2014 पासून नवा भूसंपादन कायदा लागू झाला. त्याच्या कलम 26 प्रमाणे एकीकडे रेडीरेकनरचा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारनं ठरवलेला दर बघायचा, दुसरीकडे त्या गावातल्या किंवा लगतच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी काढायची आणि जास्त भरेल तो भाव धरायचा. सरासरीसाठी मागच्या 3 वर्षांत नोंदलेली खतं घेतात, त्यातही चढ्या भावाची निम्मी. दहा सापडली तर वरची पाच. ग्रामीण भागात त्या भावाला 1 ते 2 चा गुणांक लागतो, झाडं-विहीर-बांधकामाची किंमत मिळवली जाते आणि या बेरजेवर 100 टक्के दिलासा रक्कम मिळते. जुन्या कायद्यात ती 30 टक्के होती. हा कायदा शेतकऱ्याच्या बाजूचा आहे असंच मी मानते.

मग घोडं अडतं कुठे? खरेदीखतांत.

मुद्रांक शुल्क वाचावं म्हणून व्यवहार एका आकड्याला होतो आणि खतात दुसराच लिहिला जातो. उरलेले पैसे हातावर. हे गावोगाव चालत आलंय आणि त्या दिवशी घेणारा-देणारा दोघंही खूश असतात. पण हिशोब करून बघा. समजा सरासरी हेक्टरी 20 लाख निघाली. गुणांक 2 असेल तर 40, त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, म्हणजे 80. तीच सरासरी 30 असती तर 120 झाले असते. सरासरीत कमी पडलेला एकेक लाख भरपाईत चार लाखांनी कमी होतो. आणि लपवलं एकानं तरी नुकसान त्या शिवारातल्या सगळ्यांचं होतं.

मला याहून जास्त टोचतं ते वेगळंच. बाजारभाव म्हणजे विकायला राजी असलेला आणि घ्यायला राजी असलेला यांच्यात ठरेल ती किंमत, असं कोर्टं वर्षानुवर्षं सांगत आली आहेत. पण आपल्याकडे चांगली बागायत जमीन कुणी राजीखुशीनं विकतं का? निवाड्यांच्या अभ्यासासाठी मी खरेदीखतं वाचते, तेव्हा एक वाक्य हमखास येतं: "घरखर्चासाठी, कर्जफेडीसाठी व मुलीच्या लग्नकार्यासाठी पैशांची गरज असल्याने". दस्तलेखकाच्या हाताला बसलेलं वाक्य आहे, पण बहुतेक वेळा खरंही असतं. म्हणजे ज्याला जमीन विकायचीच नव्हती, त्याच्या जमिनीचा भाव आपण अडल्यानडल्या माणसांनी घेतलेल्या किमतींवरून ठरवतो. अशी किंमत खऱ्या भावाची निदर्शक नसेल तर ती वगळायचा अधिकार कायद्यानं जिल्हाधिकाऱ्यांना दिलाय. पण तो वापरा म्हणून कुणीतरी पुराव्यासकट लेखी मागावं लागतं आणि त्यासाठी निवाड्याच्या आधी शेजारच्या गावांची खतं काढून वाचावी लागतात. हे काम मोबदला किती मिळणार हे कळायच्या आधीचं आहे.

दुसरं आधीचं काम संयुक्त मोजणीच्या दिवशीचं, म्हणजे संबंधित खात्यांची माणसं एकत्र येऊन जमीन, झाडं, विहिरी मोजतात त्या दिवशीचं. माझ्या मामीची सव्वा एकर जमीन रस्त्याला गेली, तेव्हा मोजणीला मी मुद्दाम गेले होते. सातबाऱ्यावर विहिरीची नोंदच नव्हती. आजेसासऱ्यांनी खणलेली, दगडी बांधणीची विहीर, पण नोंद राहून गेलेली. कागदावर "जिरायत" लिहायला सुरुवात झाली तशी मामी उठली. कळशीला दोर बांधून विहिरीत सोडली आणि भरलेली कळशी आणून मोजणीवाल्यांच्या पुढ्यात ठेवली. "प्या," म्हणाली. मे महिना होता. पंचनाम्यात विहीर आली, दगडी बांधकामासकट आली. लिंबाची झाडंही तिनं एकेकाला हात लावून मोजून घेतली, कारण झाड किती वर्षांचं आहे आणि फळावर आलंय का, यावर त्याची किंमत बदलते.

तरी भाव कमीच आला. अशा वेळी रागानं पैसे नाकारणारे भेटतात आणि गुपचूप सही करणारेही. मी दोघांनाही एकच सांगते: पैसे घ्या, पण निषेध नोंदवून घ्या. तसं न लिहिता रक्कम उचललीत तर कलम 64 खाली वाढीव भरपाई मागता येत नाही. मुदतही थोडी असते. निवाड्याच्या वेळी हजर असाल तर तिथून 6 आठवडे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन गेली असेल तर वाट निराळी, तिथे लवादाकडे जावं लागतं.

मामीला सही येते, पण लिहायची सवय नाही. तिनं माझ्याकडून एका कागदावर ओळ काढून घेतली आणि पावतीवर बघून बघून उतरवली: "वाढीव भरपाईचा हक्क राखून, निषेध नोंदवून रक्कम स्वीकारली." ओळ तिरकी होत सहीच्या जागेखाली गेली. समोरच्या कारकुनानं दुसरी कोरी पावती पुढे केली, "नुसती सही करा, व्यवस्थित दिसेल," म्हणाला.

मामीनं ती परत त्याच्याकडे सरकवली. "हीच राहू द्या."