दोन वाऱ्यांच्या मधली वाळू

शनिवार रात्र, ग्रेट सँड ड्यून्स, कोलोरॅडो

तंबूत बॅटरीच्या उजेडात लिहितोय. बोटं आखडलीत. ही जागा समुद्रसपाटीपासून अडीच हजार मीटरवर आहे. ऑक्टोबर लागला की ऊन कलल्याबरोबर थंडी झोंबायला लागते. जेवण उरकून खाण्याचं सगळं सामान, अगदी टूथपेस्टसुद्धा, तळावरच्या लोखंडी पेटीत बंद केलं. इथे अस्वलं फिरतात आणि हिवाळ्याआधी त्यांची भूक जबर असते.

आजचा दिवस वाळूतच गेला. मेडानो ओढा या दिवसांत कोरडा असतो. त्याचं रुंद पात्र ओलांडलं की लगेच चढ लागतो. थेट चढायला गेलं की पाय घसरतात, धारेधारेने गेलं तर वाळू जरा घट्ट लागते. उत्तर अमेरिकेतल्या सगळ्यात उंच वाळूच्या टेकड्या इथल्याच, त्यातली स्टार ड्यून सुमारे २२५ मीटर. आम्ही तिथवर गेलो नाही, पहिल्या मोठ्या धारेवरच मन भरलं. उन्हाळ्यात भर दुपारी ही वाळू ६५ अंशांपर्यंत तापते. आज आम्ही खुशाल अनवाणी चाललो.

वर पोचल्यावर लेकीने उकरायला घेतलं. "बाबा, ही तर ओली आहे!" वर भुरभुरीत, आणि चार-पाच बोटं खाली हाताला गार लागणारी, मूठ वळता येईल इतकी ओल. वारा वरचा थर तेवढा खेळवतो, टेकडीचं पोट मात्र या ओलीने धरून ठेवलंय. शेजारी काळ्या रेघा होत्या. हिने पर्सचं लोहचुंबकाचं बटण त्यावर फिरवलं तर काळी रेती मिशांसारखी ताठ उभी राहिली. मॅग्नेटाइट! लेक किती तरी वेळ ती झटकत होती आणि पुन्हा चिकटवत होती.

मी धारेवर बसून राहिलो. समोर सान लुईस खोऱ्याचं सपाट मैदान, पाठीशी सांग्रे दे क्रिस्तोची रांग, तिच्या अंगावर अ‍ॅस्पेनचे पिवळेजर्द पट्टे. डोंगराच्या कुशीत एवढी वाळू आली कुठून, ते तिथून नजरेनेच कळतं. खोऱ्यातली जुनी सरोवरं आटली आणि तळाची वाळू उघडी पडली. नैऋत्येचा वारा ती ढकलत डोंगराच्या कोपऱ्यात आणतो. वादळात खिंडींमधून उलटा वारा सुटतो आणि तिला मागे रेटतो. या रेटारेटीत वाळू उंच चढत जाते. तरीही जी डोंगराकडे निसटते, तिला ओढे वाहून पुन्हा खोऱ्याच्या बाजूला आणून टाकतात. हे चक्र मला फार आवडलं. वाटेत डोंगर नसता तर ही वाळू कधीच पांगली असती.

म्हणून इथल्या पाण्याला एवढं महत्त्व. १९३२ पासून टेकड्यांना संरक्षण होतं, पण १९९० च्या दशकात खोऱ्यातलं भूजल बाहेर विकायचा घाट घातला गेला. भूजल उतरलं की ओढे अर्ध्यातच जिरणार आणि वाळू परत आणणारं कुणी उरणार नाही, ही भीती होती. खोऱ्यातल्या लोकांनी तो बेत हाणून पाडला आणि २००४ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. नुसत्या टेकड्या न राखता त्यांचं पाणीही राखलं, याबद्दल त्या माणसांचं मला मनापासून कौतुक वाटतं.

रविवार सकाळ

पाण्याच्या बाटलीत रात्री बर्फ धरला होता. पहाटे वारा पडला होता तेव्हा पुन्हा वाळूत गेलो. कांगारू उंदराच्या उड्यांचे ठसे थेट एका गवताच्या झुडपाशी जाऊन थांबले होते.

तंबू आवरता आवरता पुढचा बेत ठरला: मे अखेर. तेव्हा बर्फ वितळून मेडानो वाहत असतो. पाण्याखाली वाळूचे छोटे बांध बनतात, फुटतात आणि ओढ्यात समुद्रासारख्या लाटा येतात. तेव्हा गर्दी असते म्हणे. असू दे. वाऱ्याची बाजू पाहून झाली, आता पाण्याची पाहायची आहे.