‘दिले’चा अर्धा गुण

स्मरणिकेसाठी ‘शाळेने मला काय दिले’ यावर लिहा, असं पत्र आलं आणि आठवला तो आठवीच्या चाचणीतला अर्धा गुण.

मराठीत आणायचं वाक्य होतं, ‘ही गेव्ह अप स्मोकिंग.’ मी शब्दाला शब्द ठेवला : ‘त्याने धूम्रपान वर दिले.’ इंग्रजीच्या बाईंनी ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि वर्गात हशा पिकला. बाई हसल्या नाहीत. फळ्यावर चक्क मराठीत लिहिलं, ‘गृहपाठ करून टाक’, आणि विचारलं, “कुठे टाकायचा?”

“दप्तरात, बाई!” मागच्या बाकावरून उत्तर आलं.

“बाळ झोपून गेलं. कुठे गेलं?” वर्ग गप्प. “त्याने तो नाद सोडून दिला. सोडला हे कळलं. दिला कोणाला?”

टाकणे, जाणे, देणे ही आपली क्रियापदं दुसऱ्या क्रियापदाला चिकटली की स्वतःचा मूळ अर्थ बाजूला ठेवतात. काम पुरतं झालं एवढंच सांगतात. इंग्रजीत पुष्कळदा हेच काम ‘अप’ करतो. ‘ईट अप’ म्हणजे खाऊन टाक, ‘यूज अप’ म्हणजे वापरून संपव. तिथे ‘वर’ शोधत बसायचं नाही. आणि गंमत बघा, ‘गिव्ह अप’मध्येही देणं आहे, ‘सोडून देणे’मध्येही आहे, आणि सवय सोडताना दोन्हीकडे घेणारा कोणीच नाही! (बसायची जागा कुणासाठी सोडली तर घेणारा असतो, पण तेही ‘गिव्ह अप’च.)

बाकीचे नियम बाईंनी भराभर उरकले. पुढे क्रियापद आलं तर ते ‘इंग’ लावून. ‘टु स्मोक’ लिहिलं की लाल रेघ. सर्वनाम आलं तर ‘गिव्ह इट अप’, म्हणजे तिघांच्या बाकावर लहानग्याला मधे बसवतात तसं ‘इट’ मधे. ‘गिव्ह इन’शी माझा गोंधळ मात्र पुढेही बरेच दिवस चालला. ‘गिव्ह इन’ म्हणजे नमतं घेणं. त्याला समोर हट्ट धरणारं किंवा दबाव आणणारं कोणीतरी लागतं. ‘गिव्ह अप’ला तसं कोणी लागत नाही. कोडं सुटेना, एकट्यानेच पेन्सिल खाली ठेवली, झालं ‘गिव्ह अप’.

आज मी अनुवादावरच पोट भरतो. परवा एक वाक्य आलं, ‘द डॉक्टर्स हॅड गिव्हन हिम अप.’ सोबतच्या नवख्या मुलीने लिहिलं होतं, ‘डॉक्टरांनी त्याला सोडून दिले होते’, म्हणजे जणू घरी पाठवलं! मी ‘त्याची आशा सोडली होती’ असं केलं आणि ‘सोडली’खाली रेघ मारून तिला अर्धा गुण दिला. ती बघतच राहिली.

माझ्या त्या उत्तरपत्रिकेत बाईंनी सगळं वाक्य खोडलं नव्हतं. फक्त ‘वर’वर काट मारून तिथे ‘सोडून’ लिहिलं होतं. ‘दिले’ तसंच ठेवलं होतं.