तुम्ही विचारलंत म्हणून: यूट्यूब असताना प्रोग्रॅमिंगची ती जाड पुस्तकं कशाला वाचता?

महिन्यातून दोन-तीनदा तरी हा प्रश्न येतोच. लग्नात पंगतीला शेजारी बसलेला पोरगा विचारतो, व्हॉट्सॲपवर औशाचा नाहीतर उदगीरचा कुणीतरी विचारतो, मागच्या आठवड्यात तर कटिंगच्या दुकानात मानेला वस्तरा लागलेला असताना एकानं विचारलं. 'भैय्या, यूट्यूबवर सगळं फुकट हाय, आता तर एआयला म्हणलं की कोडच लिहून देतंय, मंग तुम्ही ती इंग्रजी ठोकळे घेऊन काय करायलाव? आन वाचायचीच असली तर कोणती वाचू, लिस्ट पाठवा की.'

लिस्ट मी पाठवत नाही. एकदा पाठवली होती, बारा पुस्तकांची, 'थँक्यू भैय्या' आणि हात जोडलेल्या इमोजी आल्या आणि त्यानंतर त्या बारातल्या एकाचाही विषय कुणी काढला नाही. म्हणून यावेळी लिस्ट नाही, माझं काय झालं तेवढं सांगतो.

मी 2011 ला नांदेडला इंजिनिअरिंगला गेलो. त्याआधी लातूरला ट्यूशन एरियात दोन वर्षं काढली होती, त्यामुळं पुस्तक म्हणजे काय तर ज्यात आयएमपी प्रश्नांवर खुणा असतात ते, एवढीच डोक्यात व्याख्या. कॉलेजातपण तेच, परीक्षेच्या आधी झेरॉक्सच्या दुकानात लाईन लावायची आणि स्पायरल बाइंडिंग घेऊन यायचं. एका सिनिअरनं रूम सोडताना रद्दीच्या ढिगातून एक बारकंसं पुस्तक काढून दिलं, 'द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज', केर्निघन आणि रिची. ज्या रिचीनं सी भाषा बनवली त्याचंच पुस्तक. पहिली आवृत्ती 1978 ची, माझ्या हातात होती ती दुसरी, 1988 ची, म्हणजे माझ्याहून वयानं मोठी. तीनशे पानंसुद्धा नाहीत, आत ना फोटो ना रंगीत चौकटी. मला वाटलं चला, एवढं तर दिवाळीच्या सुट्टीत संपतंय.

दिवाळीत गावाकडं आलो. लोडशेडिंग होतं, आमच्याकडं दिवसातले आठ-दहा तास लाईट नसायची आणि कॉम्प्युटर म्हणजे मामेभावाचा जुना डेस्कटॉप, लाईट गेली की डबडा. आता मागं वळून बघताना वाटतं की ते लोडशेडिंग नसतं तर मी ते पुस्तक शिकलोच नसतो, नुसतं वाचलं असतं. कारण लाईट नसताना करणार काय, तर प्रोग्राम कागदावर उतरवायचा आणि मशीन काय करेल ते आपण स्वतः करायचं, एकेक ओळ.

पाचव्या चॅप्टरमध्ये पॉइंटर आहेत, म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता. तिथं एक स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची रांग, दुसरीकडं कॉपी करायचं फंक्शन आहे, बारकंच, पण त्या दोघांनी ते चार वेळा लिहिलंय. आधी ॲरेनं (घरांचे नंबर मोजत), मग पॉइंटरनं, मग थोडं आखडून, आणि शेवटी इतकं आखडून की व्हाइल लूपच्या (तेच काम परत परत करणाऱ्या कोडच्या) कंसातच सगळं काम उरकतं आणि आत काहीच उरत नाही, नुसता सेमीकोलन. मी ते वाचून पान उलटलं, समजलं असं वाटलं. रात्री लाईट गेल्यावर चार्जिंगच्या बॅटरीच्या उजेडात शंभर पानी वहीत घरं आखली आणि इंग्रजीत लातूर लिहिलं, एल ए टी यू आर, पाच अक्षरं पाच घरं. आणि लूप चालवायला लागलो तर थांबेचना. आर कॉपी झाला, पुढं काय? मग लक्षात आलं की सहावं घर पाहिजे, त्यात शून्य, आणि ते शून्यसुद्धा कॉपी होतं आणि कॉपी झालेली किंमतच शून्य असल्यामुळं लूप थांबतो. म्हणजे थांबायची अट वेगळी लिहिलेलीच नाही, ती कॉपीच्या पोटात आहे. मला अजून आठवतं, मी अंगणात एकटाच 'मायला' म्हणालो आणि आईनं आतून विचारलं, काय चावलं रे?

असले आठ-दहा प्रसंग त्या पुस्तकात झाले. एक तर उलट्या बाजूचा. पहिल्याच चॅप्टरमध्ये सगळ्यात लांब ओळ शोधायचा प्रोग्राम आहे, त्यात त्यांनी गेटलाइन नावाचं फंक्शन स्वतः लिहिलंय. मी जसंच्या तसं टाइप केलं उबुंटू लिनक्सवर, तर कंपायलर (आपला कोड मशीनला कळेल असा करून देणारा प्रोग्राम) म्हणतो 'कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स फॉर गेटलाइन'. तीनदा टाइप केलं, अक्षर न् अक्षर ताडून बघितलं. दोन तास गेले. पुस्तक चुकीचं असू शकतं हे मनाला पटतच नव्हतं, छापलंय ना. शेवटी कळलं की पुस्तक निघालं तेव्हा स्टँडर्ड लायब्ररीत त्या नावाचं काही नव्हतं, नंतर 2008 च्या पॉझिक्समध्ये, म्हणजे युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकात, त्याच नावाचं फंक्शन आलं, आता ते आधीच तिथं बसलेलं असतं आणि आपलं नाव त्याच्यावर आदळतं. नाव बदललं की चाललं. पण त्या दोन तासात मी हेडर फाइल (लायब्ररीत कोणती फंक्शनं आहेत ते सांगणारी) पहिल्यांदा उघडून बघितली, जी बघा म्हणून चार महिन्यात आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

ट्यूशन एरियाला मी वर टोमणा मारला खरा पण अर्धं श्रेय तिकडंच जातं. एकाच प्रकारचं गणित पन्नास वेळा सोडवायची जी सवय लातूरनं लावली ती चॅप्टरच्या आतले एक्सरसाइज सोडवताना कामाला आली, कंटाळा कसा तो आलाच नाही. वांधा फक्त 'आयएमपी कोणतं' या प्रश्नाचा. टेक्निकल पुस्तकात आयएमपी नसतं हो, तुमचं कुठं अडलंय तेच आयएमपी.

पैसे पाण्यात पण घातलेत, ते लपवत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात, इकडं लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं तेव्हा, मी पुण्यात पहिल्या नोकरीच्या पगारातून अँग्युलरजेएस या वेबसाइट बनवायच्या फ्रेमवर्कचं जाड पुस्तक घेतलं. सप्टेंबरात अँग्युलर 2 आलं, सगळं नव्यानं लिहिलेलं. माझं पुस्तक निम्मं पण वाचून झालं नव्हतं. आता ते मॉनिटरखाली आहे, उंची बरोबर बसते. तेव्हापासून फ्रेमवर्कचं पुस्तक विकत घेत नाही, त्यांच्या साइटवरचं डॉक्युमेंटेशन वाचतो, तेच ताजं असतं. नूथ यांच्या अल्गोरिदमच्या ग्रंथाचा एक खंड पण आहे घरी, त्याची चाळीसेक पानं झालीत, पाहुणे आले की कौतुक करतात.

आता मोंढ्यातली गोष्ट, जी मी सहसा सांगत नाही.

वडील मार्केट यार्डात एका दुकानी मुनीम होते, आडत आणि खरेदी दोन्ही चालायची. 2014 ला मी शेवटच्या वर्षाला असताना शेठ म्हणाले, तुमचा पोरगा कॉम्प्युटरवाला हाय ना, मंग आपल्याला एक सॉफ्टवेअर करून द्या म्हणावं. केलं. पीएचपी (वेब पेजची भाषा) आणि मायएसक्यूएल (माहिती साठवायचा डेटाबेस), सगळं यूट्यूब बघून. एक कॉम्प्युटर गादीवर, एक गोडाऊनला. सुरुवातीला झकास चाललं, मी तर गावात कॉलर ताठ करून फिरायचो. मग दिवाळीच्या तोंडावर सोयाबीनची आवक सुरू झाली, यार्डात ट्रॅक्टरला उभं राहायला जागा नाही, आणि एका संध्याकाळी हिशोब लागेना. कॉम्प्युटर म्हणतो एका थप्पीला 90 पोती शिल्लक, गोडाऊनमध्ये मोजली तर 70. वीस पोती कुठं गेली?

मशीन चुकणार नाही असं सगळ्यांनीच धरलं होतं. मीसुद्धा. मग संशय जाणार कुणावर, गोडाऊनला जे मामा होते त्यांच्यावर. पंचवीस वर्षं त्या दुकानात काढलेला माणूस. कुणी तोंडावर चोर म्हणलं नाही, पण दुसऱ्या दिवशी चावी त्यांच्याकडून घेतली. पावत्या जुळवून वडिलांनीच तीन दिवसांनी दाखवून दिलं की 20 आणि 30 पोत्यांच्या दोन पावत्या एकाच मिनिटाला फाटल्यात आणि 120 मधून दोन्ही वजा व्हायला पाहिजेत त्याऐवजी एकच झालीय. चावी परत दिली. मामा काही बोलले नाहीत, दिवाळीनंतर त्यांनी काम सोडलं. मी काय केलं, तर पेज दर पाच सेकंदाला रिफ्रेश होईल असं केलं आणि नेटवर्कचा प्रॉब्लेम होता असं सांगितलं. मला खरंच तसंच वाटत होतं.

चार वर्षांनी, 2018 ला, क्लेपमन यांचं डेटा सिस्टिमवरचं पुस्तक वाचायला घेतलं, 2017 ला आलेलं, कव्हरवर रानडुक्कर आहे ते. सातवा चॅप्टर ट्रान्झॅक्शनचा, म्हणजे झालं तर पूर्ण नाहीतर मुळीच नाही अशा डेटाबेसच्या कामांचा. त्यात लिहिलंय की दोघं एकाच वेळी एकच किंमत वाचतात, दोघंही आपापल्या जागी बदलतात, दोघंही परत लिहितात, आणि नंतर लिहिणारा आधीच्याचं पुसून टाकतो. याला नाव आहे, लॉस्ट अपडेट. पुण्यात पीजीच्या गच्चीवर वाचत होतो, ते पान तसंच धरून बसलो. गादीवरच्या कॉम्प्युटरनं 120 वाचले, गोडाऊनच्यानं 120 वाचले, एकानं 100 लिहिले, दुसऱ्यानं 90. मामांची वीस पोती ती हीच. आणि पुढं असंपण दिलंय की मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवणुकीच्या भागात एकाच वेळी चालणारी कामं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची याची जी डीफॉल्ट लेव्हल असते, रिपीटेबल रीड, ती हे आपोआप पकडत नाही, पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसची त्याच नावाची लेव्हल पकडते. म्हणजे नाव एकच आणि वागणं वेगळं. उपाय काय होता, तर वजाबाकी पीएचपीत करायची नाही, डेटाबेसलाच सांगायचं, पोती बरोबर पोती वजा वीस. एका ओळीचं काम. पाच सेकंदाच्या रिफ्रेशनं ते कधीच सुटणार नव्हतं, फक्त कमी वेळा झालं असतं आणि मग अजूनच सापडलं नसतं.

तर यूट्यूबचं उत्तर हे. व्हिडिओत मला इन्सर्ट, अपडेट, लॉगिन पेज सगळं मिळालं, दोन माणसं एकदम आली तर काय हे नाही मिळालं, कारण मी ते सर्चच केलं नव्हतं, ज्याचं नाव माहीत नाही ते सर्च कसं करणार. एआयचं पण तेच. मी मध्ये मुद्दाम स्टॉकचा असाच कोड मागून बघितला, आधी वाचा, वजा करा, लिहा असंच दिलं, हुबेहूब माझा 2014 चा कोड. मग विचारलं, एकाच वेळी दोघांनी पावती फाडली तर? लगेच माफी मागून बरोबर करून दिलं. मी रोज वापरतो एआय, नावं ठेवत नाही, पण तो दुसरा प्रश्न मला गच्चीवरच्या त्या पानामुळं सुचला.

इंग्रजीचं विचारता ना नेहमी, की झेडपीच्या शाळेतून आलोय, जमेल का. मीपण झेडपीचाच. चांगल्या टेक्निकल पुस्तकाची इंग्रजी पेपरातल्या अग्रलेखापेक्षा सोपी असते, तेच तेच दोन-तीनशे शब्द फिरून येतात. अडतं ते चित्र, आणि ते मी मराठीत काढतो, वडिलांना सांगून. लॉकडाऊनमध्ये लातूरला परत आलो ते इकडूनच काम करतो आता, रात्री जेवण झालं की अण्णा विचारतात, 'आज काय वाचायलास?' एकदा त्यांना राइट अहेड लॉग सांगत होतो. म्हणलं डेटाबेस आधी लॉगमध्ये लिहितो, एकाखाली एक, जसं घडलं तसं, आणि मग सवडीनं टेबलाच्या ज्या त्या जागी नेऊन ठेवतो, मध्येच लाईट गेली तर उठल्यावर लॉग वाचून टेबल परत नीट करतो. अण्णा सुपारी कातरत होते. म्हणाले, 'मंग त्यात नवीन काय हाय? आधी किर्द, मग खतावणी. किर्द हाताशी असली म्हंजी खतावणी जळाली तरी परत उभी करता येती.' किर्द म्हणजे रोजची नोंदवही, खतावणी म्हणजे तिच्यावरून खात्याखात्यानं मांडलेला हिशोब. मी गप्पच बसलो. या विषयावर मी दोन रविवार घातले होते.

त्यांनी वर हे पण विचारलं की चुकीची नोंद खोडता का उलटी नोंद करता. हे विचारायला लोकांना कितीतरी वर्षं अनुभव लागतो.

वाचायची पद्धत म्हणाल तर काही खास नाही. दिवसाला पाच-सहा पानं, कीबोर्ड शेजारी, आणि पुस्तकात कोड आला की तो चालवून मग मुद्दाम मोडायचा. वर्षाला दीड-दोन पुस्तकं होतात. 'वर्षात पन्नास पुस्तकं' वाल्यांच्या पोस्ट बघितल्या की मला आमच्या ट्यूशनमधले बॅनर आठवतात.

कटिंगच्या दुकानातल्या त्या पोराला मी लिस्ट दिली नाही, ते रद्दीतलं सीचं पुस्तकच दिलं, परत दे म्हणून बजावून. चार दिवसांनी मेसेज आला, 'भैय्या ह्या पुस्तकात मिस्टेक हाय, पहिल्याच चॅप्टरचा प्रोग्राम चालंना, कॉन्फ्लिक्टिंग टाइप्स म्हणायलंय.' मी लिहिलं, एरर नीट वाच. निळ्या टिका आल्यात. परवापासून उत्तर नाही, आणि मी काही विचारणार नाही.