निळ्या बाटलीआधी पाणी तपासा

मासा कोपऱ्यात पर मिटून बसला, खाणं सोडलं, की घरातलं कोणीतरी दुकान गाठतं आणि निळ्या औषधाची बाटली घेऊन येतं. मिथिलीन ब्लू. औषध वाईट नाही, पण नव्या टँकमध्ये ते बहुधा चुकीच्या आजारावर पडतं. टँक लावल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत मलूल होणाऱ्या माशांना बरेचदा रोग झालेलाच नसतो. त्यांना पाणी बाधलेलं असतं.

माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून सतत अमोनिया बाहेर पडतो, तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून आणखी भर पडते. फिल्टरच्या स्पंजवर आणि खडीवर वाढणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं पुढे नायट्रेट करतात. ही वस्ती तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात. आपण मात्र टँक शनिवारी लावतो आणि रविवारी त्यात आठ मासे सोडतो. त्यावर मिथिलीन ब्लू ओतलं की जी काही थोडी वस्ती झाली होती तीही मरते, अमोनिया आणखी चढतो, आणि मग ‘औषध देऊनही मासा गेला’ असं म्हणायची वेळ येते.

म्हणून पहिला खर्च पाणी तपासायच्या टेस्ट किटवर करा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट भरवशाचं. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, नायट्रेट चाळीस पीपीएमच्या (लिटरला मिलिग्रॅम) आत, असे आकडे हवेत. किट नसेल तर मासा बघा. पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतोय, कल्ले लालभडक किंवा उलट तपकिरी पडलेत, परांमध्ये रक्ताच्या रेषा दिसतायत, आणि हे सगळं एकाच वेळी तीनचार माशांना झालंय? मग संशय पाण्यावरच घ्या. तपकिरी कल्ले नायट्राइटची खूण आहे, कारण त्यात रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते.

उपाय साधा, फक्त चिकाटी हवी. रोज ३० टक्के पाणी बदलायचं, खाणं दोन दिवस पूर्ण बंद, एअर पंप चोवीस तास चालू. नायट्राइट दिसत असेल तर लिटरला अर्धा ग्रॅम मीठ, म्हणजे त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. स्पंज नळाखाली धुवायचा नाही. टँकमधून काढलेल्या पाण्यात दोनदा पिळला की पुरे.

आता नळाचं पाणी. पुण्यात महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला धरणसाखळीतून येतं. ते तुलनेने मऊ असतं, पण त्यात क्लोरीन असतो. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद ठेवलं की शुक्रवारी उशिरा, कमी दाबाने आणि अनेकदा गढूळ येतं. ते पाणी टँकमध्ये घालू नका. बुधवारीच दोन बादल्या भरून ठेवा. उघड्या बादलीत एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा, बारीक बुडबुडे सोडणारा खडा) सोडून २४ तास ठेवलं की क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर केमिकलच्या दुकानात सोडियम थायोसल्फेटचे खडे मिळतात, जुने फोटोवाले त्याला हायपो म्हणतात. १० ग्रॅम खडे पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली द्रावण करायचं आणि बदलाच्या पाण्यात १० लिटरला १ मिली घालायचं. वाघोली, वाकड, बाणेरकडच्या ज्या सोसायट्या टँकर किंवा बोअरवर चालतात, तिथे पाणी बरेचदा जड असतं आणि दर खेपेला वेगळं येऊ शकतं. तिथे एकदम निम्मं पाणी बदलण्यापेक्षा रोज १५ टक्के बरं. पीएच (पाणी किती आम्ल की अल्कधर्मी, त्याचा आकडा) आठच्या वर गेला की तोच अमोनिया कितीतरी जास्त विषारी होतो, हेही ध्यानात असू द्या.

पाणी ठीक निघालं तरच रोगाकडे वळायचं. त्यात सर्वात जास्त दिसणारा म्हणजे व्हाइट स्पॉट. अंगावर आणि परांवर मिठाचे कण भुरभुरल्यासारखे दिसतात, मासा खडीला अंग घासतो. (नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेवर विणीच्या काळात बारीक पांढरे उंचवटे येतात. तो रोग नाही, त्याला हात लावू नका.) हा एक परजीवी आहे. तो त्वचेखाली वाढतो, मग गळून तळाशी जातो, तिथे कोषात विभागून शेकडो पिल्लं सोडतो आणि ती नवा मासा शोधत पोहतात. औषध आणि मीठ फक्त त्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतात. अंगावरच्या ठिपक्याला काहीही होत नाही. दोन गोष्टी इथूनच निघतात. एक, ठिपके असलेला मासा वेगळा काढून उपयोग नाही, कोष खडीतच राहतात, उपचार अख्ख्या टँकला. दोन, ठिपके गेले म्हणून तिसऱ्या दिवशी उपचार थांबवले की आठवड्याने दुप्पट ठिपके परत येतात. उपचार एकूण १० ते १४ दिवस चालले पाहिजेत.

पाणी किती, हे आधी मोजा. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून हजाराने भागा. ६० × ३० × ३० चा टँक ५४ लिटरचा, पण खडी आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी ४५ च्या आसपास. मीठ लिटरला २ ग्रॅम म्हणजे ९० ग्रॅम. किराणावाल्याकडचं खडे मीठ चालतं. चमच्याने नको, वजनकाट्यावर मोजा. तीन भाग करून बारा-बारा तासांनी, प्रत्येक भाग पाण्याच्या जगमध्ये विरघळवून, फिल्टरच्या धारेखाली ओता. पाणी आटतं तसं मीठ उडून जात नाही, म्हणून आटलेलं भरताना साधं पाणी घालायचं. बदललेल्या पाण्यापुरतंच नवं मीठ. कॉरीडोरास, लोच या तळाशी राहणाऱ्या माशांना आणि बऱ्याच वनस्पतींना इतकं मीठ झेपत नाही, तिथे ते टाळा.

सोबत तापमान दिवसाला दोन अंशांच्या गतीने २९-३० पर्यंत न्यायचं. परजीवीचं चक्र लवकर फिरतं आणि पोहणारी पिल्लं लवकर हाती लागतात. ४५ लिटरला ५० वॉटचा हीटर एरवी पुरतो, पण जानेवारीत पुण्यातली खोली १८ अंशांवर उतरली की त्याला ३० गाठता येत नाही. १०० वॉटचा घ्या, थर्मामीटर वेगळा लावा आणि पाणी बदलताना हीटर बंद करून थोडा थंड होऊ द्या, नाहीतर काच तडकते. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो, म्हणून एअर पंप वाढवा. गोल्डफिशला मात्र २५-२६ वरच ठेवून मीठ ३ ग्रॅमपर्यंत न्यावं आणि दिवस वाढवावेत.

हाच हीटर दुसऱ्या एका आजारात घात करतो. तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढरट-राखाडी थर आला, की त्याला बुरशी समजून तापमान वाढवलं जातं. ती बुरशी नसून कॉलम्नॅरिस असू शकते. तो जिवाणू आहे आणि उबेत जोमाने वाढतो. खरी बुरशी जखमेवर कापसासारखी, लांब तंतूंनी उगवते. कॉलम्नॅरिसचा थर त्वचेला चिकटलेला, कडेने पिवळसर, आणि मासा दोनतीन दिवसांत जाऊ शकतो. संशय आला तर हीटर २४-२५ वर आणा, मासा वेगळा करा आणि माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याला फोटो दाखवा. प्रतिजैविक अंदाजाने मुख्य टँकमध्ये टाकू नका, फिल्टरचे जिवाणू पुन्हा मरतात.

फुगून तरंगणाऱ्या गोल्डफिशला औषधच नको. दोन-तीन दिवस उपवास, मग उकडून साल काढलेला मटाराचा एक दाणा. पुढे दाणे टँकच्या पाण्यात मिनिटभर भिजवून द्या. मात्र खवले उभे राहून अंग पाइनच्या फळासारखं दिसत असेल तर तो जलोदर, आणि त्यातून मासा क्वचितच वाचतो.

निळ्या बाटलीची खरी जागा म्हणजे वेगळा टब. २० लिटरचा, प्लास्टिकचा, खडी नाही, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचा एल्बो (वळणाचा तुकडा). बुरशीवर एक टक्का द्रावण १० लिटरला ३ मिली, तीन ते पाच दिवस, रोज तिसरा हिस्सा पाणी बदलून तेवढ्यापुरतं नवं औषध. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर काढा, तो औषध शोषून घेतो. टँकच्या काचा जोडणाऱ्या सिलिकॉनवर ओतलंत तर निळा डाग कायमचा.

नवा मासाही याच टबात तीन-चार आठवडे राहू द्या. टबाची जाळी वेगळी ठेवा, आणि वापरल्यावर उन्हात कडक वाळवा. व्हाइट स्पॉटचा परजीवी कोरड्यात टिकत नाही, ओल्या जाळीवर मात्र एका टँकमधून दुसऱ्यात सहज जातो.