सत्तावन्नची चार दारांची

जुन्या अमेरिकन गाड्यांच्या विक्रीच्या जाहिराती वाचायचं मला व्यसन आहे. घ्यायची ऐपत नाही, ठेवायला जागा नाही. आमच्या सोसायटीत सोळा फूट आठ इंच लांबीची शेव्हरोले वळवायची तर आधी दोन स्कूटर आणि एक सेक्रेटरी हलवावा लागेल. तरी वाचतो.

परवा 1957 ची शेव्हरोले बेल एअर दिसली. चार दारांची. या मॉडेलचं सगळं कौतुक दोन दारांच्या हार्डटॉपच्या (खिडक्यांमधे खांब नसलेल्या पक्क्या टपाच्या गाडीच्या) आणि उघड्या टपाच्या गाडीच्या वाट्याला आलं, कॅलेंडरांवर त्याच. चार दारांची म्हणजे पोराबाळांची, बाजारहाटाची गाडी. तिच्यावर फारसा कुणी पैसा ओतला नाही, उलट कित्येकींचे पार्ट काढून दोन दारांच्या बहिणींना लावले. माझ्या मते ही मूळ रूपात उरली ती त्यामुळेच. लाडकी असती तर केव्हाच खरवडून नव्यानं रंगवली गेली असती.

इंजिनसुद्धा साधंच. त्या वर्षी शेव्हरोलेनं 283 घनइंचांच्या आठ सिलिंडरच्या व्ही-एट इंजिनातून 283 अश्वशक्ती काढून दाखवली होती. इथं मात्र 235 घनइंचांचं सहा सिलिंडरचं, 140 अश्वशक्तीचं. आपल्या जुन्या फियाटसारखा स्टिअरिंगखाली गिअर.

मीटरवर एक्केचाळीस हजार मैल. यावर लगेच विश्वास ठेवायचा नसतो, कारण या मीटरला मैलांचे आकडे पाचच. 99,999 झाले की पुन्हा शून्यापासून. म्हणजे एक्केचाळीस की एक लाख एक्केचाळीस, हे मीटर सांगत नाही, बाकीची गाडी सांगते. क्लचच्या पेडलचं रबर किती गुळगुळीत झालंय? ड्रायव्हरचं दार उघडलं की खाली लोंबतं का? काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणेवरून ती कधी बनली ते कळतं. गाडीपेक्षा काच तरुण निघाली तर मधे काहीतरी घडलंय. बॉनेट उघडलं की समोरच्या पत्र्यावर एक पट्टी ठोकलेली असते, तिच्यावर रंगाचा आणि सीटच्या कापडाचा कोड. आणि खालच्या कडांना लोहचुंबक लावून बघायचं. पुट्टी भरलेल्या जागी ते धरत नाही. उत्तरेकडच्या राज्यांत बर्फासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, ते गाडी खालून खातं. ही ॲरिझोनातली, त्यामुळे पत्रा ठणठणीत; तिथल्या उन्हानं डॅशबोर्ड मात्र तडकलाय.

बदललेल्या गोष्टींची यादी विकणाऱ्यानं न विचारता दिली होती. टायर, बॅटरी, पेट्रोलचे पाइप, सायलेन्सर, ब्रेकचे सिलिंडर, मागची एक काच. त्या यादीमुळेच मला माणूस पटला. सगळंच्या सगळं मूळ असल्याची शपथ घेणाऱ्याकडून मी मनातल्या मनातसुद्धा गाडी घेत नाही. इतक्या जुन्या गाडीचे टायर मूळ असतील तर ते मिरवायचे नसतात, काढायचे असतात.

या गाडीतली माझी लाडकी जागा म्हणजे मागचा डावा पंख, मडगार्डच्या टोकाला शेपटीसारखा उंचावलेला. त्याच्या टोकाची उभी क्रोमची पट्टी दारासारखी उघडते आणि आत पेट्रोलचं झाकण. आपल्याकडच्या पंपावर नेली तर पोरगा दोन चकरा मारून विचारेल, साहेब, डिझेल की इलेक्ट्रिक? पण न्यायची कुठून? मुंबईत शिवडीला शेव्हरोलेची मालक जनरल मोटर्स 1928 पासून गाड्या जोडत होती, तिनं 1954 मध्येच गाशा गुंडाळला. कुर्ल्याला प्रीमिअरमध्ये जोडल्या जायच्या त्या डॉज आणि प्लिमथ, म्हणजे दुसऱ्याच घराण्यातल्या, क्रायस्लरच्या.

सगळ्यात जास्त वेळ एका फोटोवर रेंगाळलो. बॉनेटच्या कडेला रंग झिजून खालचा प्रायमर दिसतोय. धक्का लागून नव्हे, पुसून पुसून. कुणीतरी वर्षानुवर्षं फडकं घेऊन त्याच कडेवरून हात फिरवलाय. डेंटिंग-पेंटिंगवाल्याला दाखवलं तर तो दिवसभरात मिटवून देईल, आणि गाडी त्या जातीच्या इतर शंभर चकाकत्या गाड्यांसारखी दिसेल.

घेणाऱ्यानं इंजिन उघडावं, ब्रेक बघावेत, सीटबेल्ट बसवून घ्यावेत. त्या काळी ते जादा पैसे मोजून मिळायचे, त्यामुळे बहुतेकांनी घेतलेच नाहीत. एवढं झालं की रंगवाल्याचा नंबर फोनमधून काढून टाकावा. पॉलिशसुद्धा आता बास.