शेजारच्या आजींचं पदक आणि एक जादा पट्टी

सिडनीत आमच्या शेजारी राहणाऱ्या आजींनी एका रविवारी चांदीचं पदक माझ्या हातावर ठेवलं. त्यांच्या आजोबांचं, दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धातलं. "बघ जरा काही सापडतं का." एका संध्याकाळचं काम असेल असं वाटलं. लागले दोन महिने.

पुण्याच्या माझ्या काकांना जुन्या नाण्यांचा नाद. फोनवर म्हणाले, "आधी कड बघ रे, तोंड काय बघतोस!" कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि 'एन.एस.डब्ल्यू. एम.आर.' म्हणजे न्यू साउथ वेल्स माउंटेड रायफल्स. घोड्यावरून जायचं, उतरून पायदळासारखं लढायचं आणि चौघांतल्या एकाने मागे घोडे धरून थांबायचं, असं हे सैन्य.

मागच्या बाजूला तिरप्या उजेडात '१८९९-१९००' पुसट दिसतं. युद्ध तेवढ्यात संपेल म्हणून साच्यात साल कोरलं होतं. ते १९०२पर्यंत लांबलं, मग साल काढून टाकलं. सरकारी अंदाज तेव्हाही असेच!

चूक मी केली ती नंबरावर विसंबून. वेगवेगळ्या तुकड्यांत तेच नंबर पुन्हा दिलेले असायचे. तीन आठवडे मी भलत्याच माणसाच्या मागे होतो. कॅनबेराच्या वॉर मेमोरियलच्या यादीत तुकडी कळली, तेव्हा गाडी रुळावर आली. मग लायब्ररीत बसून लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या पदक-याद्या, म्हणजे 'डब्ल्यूओ १००', पडद्यावर पानोपान चाळल्या. नाव सापडलं. समोर चार पट्ट्यांच्या (पदकाच्या फितीवर बसवतात त्या, लढाईचं किंवा प्रांताचं नाव असलेल्या धातूच्या पट्ट्या) खुणा: केप कॉलनी, ऑरेंज फ्री स्टेट, जोहान्सबर्ग, डायमंड हिल.

पदकावर मात्र पाच. पाचवी 'ट्रान्सवाल'.

इथे नियम कामी आला. एखाद्या प्रांतातल्या लढाईची पट्टी मिळाली असेल, तर त्या प्रांताची वेगळी पट्टी मिळत नसे. जोहान्सबर्ग आणि डायमंड हिल दोन्ही ट्रान्सवालमधलेच. म्हणजे ही पट्टी मागाहून कुणीतरी चढवलेली.

आजींना हे सांगायचं कसं, याचा मी दोन दिवस विचार केला. त्या ऐकून खो खो हसल्या. "आजोबाच असणार. पत्त्यांतसुद्धा असेच खेळायचे."

काढायची का, विचारलं. नको म्हणाल्या. डबीत एक चिठ्ठी घातली आहे: यादीत ४, पदकावर ५.